रात्र गार असते, टेंट गरम असतो: उन्हाळ्यात गाडीवरच्या टेंटमधे झोपायचं कसं

आमच्या माळव्याबद्दल जुनी म्हण आहे, सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा. म्हणजे सकाळ बनारसची, संध्याकाळ लखनौची आणि रात्र माळव्याची. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, हवा कोरडी, त्यामुळे मे मधे दुपारी पारा ४० ला टेकला तरी पहाटे तो २५ च्या आसपास उतरतो. इतकी चांगली रात्र फुकट मिळत असताना गाडीच्या टपावर बसवायचा घडीचा टेंट (रूफटॉप टेंट) लावून लोक रात्रभर घामाघूम होतात आणि मग म्हणतात की हे सगळं डिसेंबरमधेच करायचं काम आहे. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण चूक रात्रीची नसते.

आमची पहिली रात्र मांडूला होती, मे महिन्यात. दुपारी दोनला पोचलो आणि नव्या टेंटचं कौतुक म्हणून लगेच उघडून ठेवला, खिडक्या बंद, वरचं रेनफ्लाय, म्हणजे पावसासाठीचं बाहेरचं कापड, ताणलेलं, आणि गेलो जहाज महाल बघायला. रात्री साडेआठला आलो तर बाहेर मस्त झुळूक सुटलेली आणि आत शिरलो तर तव्यावर बसल्यासारखं. गादी गरम, उशी गरम, अ‍ॅल्युमिनियमचा तळ गरम. रात्री एक वाजेपर्यंत मी शिडीवर बसून होते आणि बाहेर हात काढला की गार लागत होतं. त्या रात्री डोक्यात एक गोष्ट पक्की बसली की आपल्याला टेंट गार "करायचा" नाहीये, दिवसाची उष्णता त्याच्यात साठू द्यायची नाही आणि रात्र आत यायला लागली की तिला अडवायचं नाही, बाकी सगळ्या युक्त्या याच्याच पोटात येतात.

आणि खरं तर हे मला माहीत असायला हवं होतं, कारण रामबागेतल्या घरी आजी रोज उन्हं उतरली की गच्चीवर बादलीने पाणी मारायची, मग तासभर कोणाला वर जाऊ द्यायची नाही, आणि गाद्या आठच्या आधी घालू द्यायची नाही. का ते विचारलं तर म्हणायची, आधी गच्चीला झोपू दे, मग तुम्ही झोपा. तर तीच पद्धत गाडीवर कशी न्यायची ते क्रमाने सांगते.

आधी घरी एक रात्र

टेंट बसवण्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते दुकानवाला करून देतो, फक्त एक बघा की गाडीच्या पुस्तिकेत छतावर चालत्या गाडीत किती किलो वजन चालतं ते लिहिलेलं असतं आणि टेंट अधिक रूफ रॅक मिळून त्याच्या आतच बसायला हवं. उभ्या गाडीत छत याहून बरंच जास्त वजन पेलतं म्हणून दोघं तिघं वर झोपू शकतात, पण चालत्या गाडीचा आकडा तो खरा.

बसवल्यावर पहिली रात्र घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमधे काढा. लोक बघतील म्हणून लाजू नका. कुठली खिडकी उघडली की वारा येतो, रेनफ्लाय काढायला किती वेळ लागतो, रात्री उठावं लागलं तर शिडी सापडते का, हे सगळं तिथे कळतं आणि फारच उकडलं तर उठून घरात जाता येतं. एक छोटं डिजिटल थर्मामीटर घ्या, आर्द्रता पण दाखवणारं, ऑनलाइन स्वस्तात मिळतं. ते टेंटच्या आत टांगा आणि बाहेरचं तापमान फोनवर बघा. आत आणि बाहेर दोन डिग्रीच्या आतला फरक असेल तर तुमचं जमलं. पाच सहा डिग्री फरक असेल तर पुढचं सगळं नीट वाचा.

कधी आणि कुठे

नवीन माणसाने मार्च, एप्रिल आणि मे चे पहिले दोन आठवडे इतकंच धरावं. नौतपा, म्हणजे २५ मे च्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो तेव्हापासूनचे नऊ दिवस, त्यात पहिलीच ट्रिप नको. आणि जूनमधे गंमत अशी होते की पारा उतरायला लागतो पण हवेत दमटपणा येतो, घाम वाळत नाही, ओल्या कपड्याच्या सगळ्या युक्त्या निकामी होतात, त्यामुळे ३४ डिग्रीचा जून ४० डिग्रीच्या एप्रिलपेक्षा जास्त त्रास देतो. पाऊस चांगला स्थिरावला की मग परत मजा, पण तो वेगळा विषय आहे.

जागेचं म्हणाल तर इंदूरवाल्यांनी एक साधा नियम लक्षात ठेवा, उन्हाळ्यात घाट उतरायचा नाही. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरून निमाडात, म्हणजे खालच्या नर्मदेच्या खोऱ्यात, गेलात की हवा बदलते, गाडीची काच खाली करा, लगेच चेहऱ्यावर कळतं. उंची दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्रीचा फरक पाडते आणि महेश्वर इंदूरपेक्षा जवळपास ४०० मीटर खाली आहे, म्हणजे नुसत्या उंचीचेच अडीच डिग्री गेले, वर नर्मदेचा दमटपणा आणि घाटाचे दगड जे दिवसभर तापून रात्री उष्णता सोडत बसतात. महेश्वर, ओंकारेश्वर माझी फार लाडकी ठिकाणं आहेत, पण टेंट घेऊन तिथे दिवाळीनंतर जा. मे मधे वर राहा, मांडू, किंवा महूजवळचं जानापाव जिथे चंबळ उगम पावते, ते ८०० मीटरच्या वर आहे.

परवानगीचं मात्र आधी बघा. जंगल खात्याच्या हद्दीत रात्री न विचारता मुक्काम करायचा नाही, पुरातत्त्वाच्या आवारात तर नाहीच. ओळखीच्या माणसाचं शेत, एखाद्या रिसॉर्टचं आवार, ढाब्यामागची मोकळी जागा मालकाला विचारून, हे सगळ्यात बरं. रात्री कोणी टॉर्च मारून उठवणार नाही हे माहीत असलं की झोप अर्धी तिथेच येते.

जागेवर पोचल्यावर

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण ऐंशी टक्के काम इथेच होतं.

गच्चीवर टेंट लावला तर तो तिथेच राहतो, पण गाडीवरच्या टेंटला चाकं आहेत, आणि बहुतेक नवीन लोक ही सोय वापरतच नाहीत. दुपारची जागा आणि रात्रीची जागा वेगळी ठेवा. दुपारभर गाडी दाट सावलीत, चिंच, वड, आंबा, कडुलिंब काही चालेल, टेंट पूर्ण बंद. संध्याकाळी सूर्य टेकला की गाडी काढून मोकळ्या आकाशाखाली आणा आणि मग टेंट उघडा. झाडाखालीच रात्र का नको, कारण निरभ्र रात्री तापलेली प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते, मधे झाडाचा माथा आला की तो ती अडवतो, अंगावर पांघरूण घातल्यासारखं होतं. म्हणून तर उघड्या गच्चीवर ठेवलेलं ताट पहाटे आसपासच्या हवेपेक्षाही गार लागतं. ढगाळ रात्री हे काम होत नाही, ढग पण पांघरूणच, त्यामुळे आभाळ भरून आलं असेल तर त्या रात्रीच्या अपेक्षा थोड्या कमी ठेवा. शिवाय झाडाखाली वाळलेली फांदी पडायची भीती, पाखरांची घाण, आणि मांडूसारख्या ठिकाणी वानरं, ती टेंटवर उड्या मारतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जमीन कसली आहे ते बघा. डांबर आणि काँक्रीट नको, आणि आमच्याकडचा काळा दगड, बेसॉल्ट, तोही नको, तो संध्याकाळभर भट्टीसारखा धग देत राहतो. गवत किंवा नांगरलेली माती चांगली. हात टेकवून बघा, सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने जमिनीवर तळहात आरामात ठेवता आला तर जागा ठीक.

मग खोलगट जागा की उंचवटा? वारा नसलेल्या रात्री गार हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साचते, त्यामुळे थर्मामीटर तिथे कमी दाखवेल, पण तिथे वारा नाही आणि डास भरपूर. मी उन्हाळ्यात कायम उंचवटा घेते. एक डिग्री जास्त चालेल पण झुळूक हवी, कारण अंगाला गारवा वाऱ्याने लागतो, नुसत्या आकड्याने नाही. आणि रूफटॉप टेंटचा मोठा फायदाच हा आहे की तुम्ही जमिनीपासून दोन मीटर वर असता, झुडपांच्या वर, तिथे वारा खालच्यापेक्षा मोकळा असतो.

पाण्याजवळ जावं का असं सगळे विचारतात. मांडूचा जहाज महाल दोन तलावांच्या मधे बांधलाय, कपूर तलाव आणि मुंज तलाव, तिथे उभं राहिलं की पाण्यावरून आलेली झुळूक काय असते ते कळतं. पण बांधणाऱ्यांना डासांसाठी जाळी लावून झोपायचं नव्हतं! तुम्ही काठापासून थोडं लांब, वारा पाण्यावरून तुमच्याकडे येईल असं थांबा, अगदी काठाला नाही.

गाडीचं तोंड कुठे

उन्हाळ्यात आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, पण डोंगरात तो वळतो म्हणून अंदाजावर राहू नका. एक उदबत्ती लावून धूर बघा, मिनिटात कळतं (नंतर ती नीट विझवा, वाळलेलं गवत असतं).

आता गाडी अशी लावा की वारा मागच्या बाजूने येईल आणि बॉनेट वाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला राहील. कारण तुम्ही शंभर किलोमीटर गाडी चालवून आलाय, इंजिन तास दीड तास गरम राहतं, आणि बॉनेट वाऱ्याकडे असेल तर ती सगळी गरम हवा उठून थेट तुमच्या खिडकीत येते. हे इतकं साधं आहे पण मला तिसऱ्या ट्रिपला कळलं.

वारा पश्चिमेचा असेल तर तोंड आपोआप पूर्वेला होतं. मे मधे इंदूरला पावणेसहाला सूर्य उगवतो, तो अगदी पूर्वेला नाही तर थोडा ईशान्येकडे सरकलेला, आणि सव्वासहा साडेसहापासून त्याचं ऊन चटका द्यायला लागतं. म्हणून त्या बाजूला एखादं झाड, भिंत, टेकडी, काहीही आडोसा असेल अशी जागा धरा. डोक्यावर मोकळं आणि पूर्वेला आडोसा, हे दोन्ही मिळालं तर सकाळची तासाभराची जास्तीची झोप मिळते. डोकं पायांपेक्षा किंचित वर राहील असा उतार बघा, आणि झोपताना डोकं वारा येतो त्या खिडकीकडे.

गाडी लावल्यावर चारही दारं आणि डिकी पंधरा मिनिटं उघडी ठेवा. गाडीच्या आतली कोंडलेली गरम हवा निघाली नाही तर छताचा पत्रा खालून तुमच्या टेंटचा तळ गरम करत बसतो.

टेंट उघडताना

सूर्य बुडाल्यावरच उघडा. दुपारी आराम करायला हवा असेल तर खाली चटई टाका. दिवसाच उघडावा लागला, म्हणजे मुलं लहान आहेत वगैरे, तर वरून शेती साहित्याच्या दुकानात मिळते ती हिरवी शेड नेट, ७५ टक्केवाली, टेंटच्या कापडापासून वीतभर अंतर ठेवून ताणा. अंतर महत्त्वाचं आहे. नेट कापडाला चिकटली तर ती तापून कापडच तापवते, मधून हवा खेळली तर तिची उष्णता वाऱ्याबरोबर जाते. चकचकीत रुपेरी शीट असेल तर तीही अशीच, अंतर ठेवून. आणि दुपारी मात्र सावली वरूनच लागते, बाजूने नाही, कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं त्यामुळे मे-जूनच्या भर दुपारी सूर्य आपल्या जवळजवळ डोक्यावर असतो, भिंतीचा आडोसा तेव्हा कामाचा नाही.

उघडायच्या आधी, टेंटचं बंद कव्हर ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्या. ते दिवसभर तापलेलं असतं. एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता ओढून नेतं तेवढी काढायला एक टनाच्या एसीला साधारण ११ मिनिटं चालावं लागतं, म्हणजे अर्धी बादली पाणी काय काम करतं बघा. गाडीच्या तापलेल्या काचेवर मात्र गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. कव्हर काढलं, टेंट उघडला, की गादी उचलून उभी करा आणि दोन्ही बाजूंनी वारा लागू द्या, अर्धा तास. मांडूला आमचा घात या गादीनेच केला होता, फोम एकदा तापला की लवकर निवत नाही. उशा, चादरी पण बाहेर काढून शिडीवर टाका.

मग सगळ्या खिडक्यांचं कापड वर गुंडाळा, फक्त जाळी ठेवा, आणि जाळीच्या चेन पूर्ण बंद. वारा येतो ती खिडकी उघडली आणि समोरची बंद ठेवली तर काही उपयोग नाही, हवेला बाहेर जायला वाट नसेल तर ती आत पण येत नाही. उलट बाहेर जायची वाट थोडी मोठी ठेवा. वरच्या बाजूला झरोका असेल तर तो नक्की उघडा, गरम हवा तिथूनच निघते. आणि रेनफ्लाय पूर्ण काढून टाका, आकाश स्वच्छ असेल तर. काढायला जीव होत नाही, मला माहीत आहे, पाऊस आला तर वाटतं, पण हवामान बघा आणि काढा, फरक पहिल्या रात्रीच कळेल. वळिवाचे दिवस असतील तर ते गुंडाळून हाताशी ठेवा, एका बाजूला बांधलेलं असू द्या म्हणजे ओढून घ्यायला मिनिट लागेल.

पाण्याची कामं

कोरड्या हवेत पाणी हाच आपला एसी आहे, पण किती आणि कुठे ते कळायला हवं. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली दाखवत असेल तर बिनधास्त, ६० च्या वर असेल तर सोडून द्या, नुसतं चिकचिक होईल.

साडेसात आठला गाडीभोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडा, विशेषतः ज्या बाजूने वारा येतो तिकडे, चार पाच हात लांबपर्यंत. मग वारा येणाऱ्या खिडकीबाहेर पातळ मलमलीचं ओलं कापड टांगा. जाळीला चिकटवून नाही, मधे थोडं अंतर, आणि खिडकीच्या अर्ध्या भागावरच, सगळी झाकली तर वारा बंद. जाड टॉवेल नको, पाणी धरून ठेवतो आणि हवा अडवतो. मी राजवाड्याजवळच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधून चार मीटर मलमल आणली आणि त्याचे चार तुकडे केले, आजवर तेच चालू आहेत. घरात वाळ्याचा पडदा असेल तर त्याचा छोटा तुकडा लावा, सुगंध पण येतो आणि झोप काय लागते!

ओलं कापड टेंटच्या आत टांगू नका. आत दोघांच्या श्वासाचा दमटपणा असतोच, त्यात भर पडते. टेंटच्या कॅनव्हासवर पण ओलं कापड रात्रभर टाकून ठेवू नका, बुरशी धरते आणि ते काळे डाग मग निघत नाहीत.

अंगासाठी, झोपायच्या आधी साध्या पाण्याने अंघोळ, बर्फाच्या नाही. फार गार पाण्याने कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. अंघोळीची सोय नसेल तर मान, काखा, मनगटं, पाय ओल्या पंचाने पुसून न कोरडं करता वर चढा. केस ओले केले तर अजून छान, पण पहाटे वारा वाढतो हे ध्यानात ठेवा.

अंथरूण

टेंटबरोबर येणारी गादी बहुतेक फोमची आणि वरचं कव्हर प्लास्टिकसारख्या कापडाचं असतं. पाठ त्याला टेकली की घाम सुटलाच. त्यावर आधी एक काड्यांची चटई, मग सुती सतरंजी किंवा खादीची चादर. चटईमुळे पाठीखालून हवा फिरते, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी बदल आहे, बाकी काही नाही केलं तरी हे करा. स्लीपिंग बॅग घरी ठेवा. कपडे सैल, सुती, तो जिमचा पॉलिस्टरचा टीशर्ट नको.

आणि गर्दी करू नका. झोपलेला माणूस साधारण ७०-८० वॅट उष्णता सोडत असतो, दोन माणसं म्हणजे दीडशे वॅटचा जुना पिवळा बल्ब रात्रभर त्या खोक्यात चालू आहे असं समजा. तीन माणसांचा म्हणून विकलेला टेंट उन्हाळ्यात दोघांचाच. बॅगा खाली गाडीत, वर फक्त पाणी, टॉर्च, चप्पल ठेवायला छोटी पिशवी. चप्पल वर का, तर रात्री उतरताना जमिनीवर पाय ठेवायच्या आधी घालता यावी, उन्हाळ्यात विंचू-साप फिरतात, खाली सोडलेल्या बुटात तर आवडीने जातात.

एक सोलापुरी चादर मात्र पायाशी असू द्या. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी होतं आणि माळव्याची हवाही त्याच सुमाराला सगळ्यात गार, चारला जाग येते ती थंडीने, हे नवीन लोकांना खरं वाटत नाही.

पंखा आणि बॅटरी

१२ व्होल्टचा किंवा यूएसबीवर चालणारा छोटा पंखा पुरतो. हिशोब सोपा आहे. सहा वॅटचा पंखा आठ तास चालला तर ४८ वॅट-अवर. २०,००० एमएएच ची पॉवर बँक कागदावर ७४ वॅट-अवर असते, हाताला साधारण ६० येतात, म्हणजे एक रात्र निघते. पंखा तोंडावर लावायची हौस नको, वाऱ्याच्या पलीकडच्या खिडकीजवळ बाहेरच्या दिशेने लावा म्हणजे तो गरम हवा बाहेर ढकलतो आणि ओल्या मलमलीतून गार हवा आपोआप आत ओढली जाते. वारा पूर्ण पडलेल्या रात्री हे बघा करून. ज्यांना अंगावरच हवा हवी त्यांनी पायांकडून घ्या.

छोटे कूलर येतात ५० वॅटचे, ते गाडीच्या बॅटरीवर रात्रभर लावायचं मनात आणू नका. चार अँपिअर गुणिले आठ तास म्हणजे ३२ अँपिअर-अवर, आणि लहान गाडीची बॅटरी असते ३५ ते ४५ ची, सकाळी गाडी स्टार्ट होणार नाही, तीही अशा जागी जिथे धक्का मारायला कोणी नाही. वेगळी बॅटरी असेल तरच. पॉवर बँक दुपारी बंद गाडीत उन्हात सोडू नका.

आणि हे अगदी कळकळीने सांगते, एसीसाठी इंजिन चालू ठेवून गाडीत किंवा वर टेंटमधे कोणी झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतून जाग येत नाही. डासांची कॉइल पण टेंटच्या आत नाही, धूर आणि आग दोन्हीची भीती. जाळी बंद ठेवा, अंगाला डासांचं क्रीम लावा, बास.

खाणंपिणं

निघतानाच सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, भुट्ट्याचा कीस, दहीवडा, वर साबूदाणा खिचडी आणि शेवटी इंदूरची ती दाट दुधाची शिकंजी असं करून टेंटमधे चढलात तर कुठलीच मलमल तुम्हाला वाचवू शकत नाही. जड जेवण पचवताना शरीर उष्णता तयार करतं. सराफा परतीच्या रात्री ठेवा. टेंटच्या रात्री आठच्या आत हलकं, दहीभात, काकडीची कोशिंबीर, ताक. दारू नको, तहान वाढते आणि झोप मोडते. दिवसभर पन्हं, लिंबूपाणी, मीठ-साखर घालून. पाण्याला सुरई किंवा कॅनव्हासची छागल, जुन्या ट्रकवाल्यांकडे दिसायची तशी, सावलीत वाऱ्याला टांगली की पाणी स्वतःच गार होतं, बर्फाचा डबा लागत नाही. झोपताना एक ग्लास, उशाशी एक बाटली.

रात्री काय बघायचं

अकराच्या सुमाराला एकदा थर्मामीटर बघा आणि मलमल परत ओली करा, त्यानंतर बहुतेक गरज पडत नाही. मुलांच्या मानेला हात लावून बघा, पायाला नाही, मान घामाने भिजली असेल तर उकडतंय.

कोणाला डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे असं झालं तर खाली उतरवा, मोकळ्या हवेत आडवं करा, अंग ओलं करून वारा घाला, ओआरएस थोडं थोडं द्या. बोलण्यात गोंधळ वाटला, माणूस असंबद्ध बरळायला लागला, अंग भाजतंय, तर घरगुती उपाय करत बसू नका, अंगावर पाणी मारत राहा आणि १०८ ला फोन करा. बेशुद्धीकडे जाणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. दिवसा बंद टेंटमधे लहान मूल किंवा कुत्रं पाच मिनिटांसाठी पण सोडू नका.

वळीव आला तर, म्हणजे आधी एकदम वारा पडतो, मग धुळीचा लोट, मग विजा. वारा पडून वातावरण कुंद झालं की तेव्हाच उठा, टेंट मिटता आला तर मिटा, नाहीतर खिडक्या लावून सगळे खाली गाडीत बसा आणि काचा वर करा. विजा चमकत असताना टेंटमधे किंवा एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, गाडीचा पत्र्याचा सांगाडा त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

सकाळी

सातच्या आत उतरा. गादी परत उभी करा, चादरी झटका, रात्रीच्या घामाचा आणि मलमलीचा ओलावा अर्ध्या तासात उडून जातो, आणि मग ऊन चढायच्या आत टेंट मिटून कव्हर लावा, कारण गार गादी बंद केली तर आज रात्री ती थोडी तरी गार निघेल, तापलेली बंद केली तर तापलेलीच निघेल. मलमलीचे तुकडे वेगळे वाळवा, ओले कधीच आत गुंडाळू नका. घाईत तसाच मिटावा लागला असेल तर घरी आल्या आल्या, दमलेले असलात तरी, टेंट उघडून सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच अंघोळीला जा.